दुर्मीळ रंगाचे मोल कोण चुकवतो?

जातिवंत कुत्रा पाळणे ही एके काळी संस्थानिकांची, गोऱ्या साहेबांची आणि फार तर बंगलेवाल्या वकील-डॉक्टरांची हौस होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ती मध्यमवर्गाच्या दोन खोल्यांच्या सदनिकेपर्यंत येऊन पोचली. त्यात गैर काही नाही. मुक्या प्राण्याच्या सहवासाने घराला घरपण येते, असाच बहुतेकांचा अनुभव आहे. परंतु हौस घरात आली की तिच्या पाठोपाठ तिचा बाजार येतो आणि बाजार आला की त्याची परिभाषाही येते. 'डबल कोट' जर्मन शेफर्ड, 'सिल्व्हर' लॅब्रॅडॉर, 'मर्ल' बुलडॉग, 'रेअर कलर' हे शब्द आज पिल्लांच्या जाहिरातींत सर्रास आढळतात. या सर्वांचा मथितार्थ एकच असतो : हे पिल्लू त्याच्या जातीतील इतरांसारखे दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही इतरांसारखी नाही.

हा विषय श्वानप्रेमींच्या वर्तुळापुरता आहे, असे समजून तो सोडून देता येईल. पण एका प्राण्याच्या अंगावरील केसांना किंमत कशी येते, ती कोण ठरवतो आणि अखेर ती कोण चुकवतो, हे तिन्ही प्रश्न मुळात अर्थशास्त्राचे आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे मनोरंजक आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र तितकेसे सुखद नाही.

दुर्मीळता : निसर्गाची आणि नियमाची

पाणी जीवनावश्यक असूनही स्वस्त आणि हिरा निरुपयोगी असूनही महाग का, हा प्रश्न ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात मांडला, तेव्हापासून अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी उपयोगिता आणि दुर्मीळता यांतील फरक पहिल्याच वर्षी शिकतो. परंतु दुर्मीळतेचेही दोन प्रकार असतात, हे तितक्या आवर्जून शिकवले जात नाही. एक दुर्मीळता निसर्गाची असते. दुसरी माणसाच्या नियमातून निर्माण होते. छपाईत चूक झालेले टपाल तिकीट लाखमोलाचे ठरते, ते कागदाच्या किंवा शाईच्या गुणामुळे नव्हे. बाकीची तिकिटे अमुक एका प्रकारचीच असली पाहिजेत असा नियम आहे, म्हणून ते अपवाद ठरते आणि अपवाद म्हणून विकले जाते.

जातिवंत कुत्र्यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. जात म्हणजे काय, हे एक संस्था ठरवते. ती 'मानक' लिहिते, वंशावळीची वही ठेवते आणि वहीत कोणाला जागा द्यायची याचा निवाडा करते. त्या मानकाबाहेरचा रंग घेऊन जन्मलेले पिल्लू एका देशात 'दोष' ठरते, तर दुसऱ्या देशात 'दुर्मीळ रत्न'. पिल्लू तेच असते. बदलतो तो फक्त वहीचा रकाना.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपल्याकडे जुनी मंडळी ज्याला अजूनही 'अल्सेशियन' म्हणतात, तो जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाल्याने हे नाव पडले आणि १९७७ पर्यंत ते तेथे अधिकृतपणे टिकून होते. या जातीची संघटना माक्स फॉन श्टेफानिट्झ या माजी घोडदळ अधिकाऱ्याने १८९९ साली स्थापन केली आणि होरांड नावाच्या कुत्र्याची वहीत पहिल्या क्रमांकावर नोंद केली. या होरांडचा आजा, म्हणजे आईचा बाप, पांढरा होता. श्टेफानिट्झला रंगाचे विशेष कौतुक नव्हते. मेंढ्या राखणारा कुत्रा कामाला किती चोख, हाच त्याचा कस होता. परंतु १९३३ साली जर्मनीत पांढरा रंग मानकाबाहेर काढला गेला आणि पांढरी पिल्ले वंशातील साऱ्या वैगुण्यांचे खापर फोडण्याचे साधन झाली. अमेरिकेत १९६८ पासून पांढरा जर्मन शेफर्ड प्रदर्शनातून बाद ठरतो. मात्र अमेरिकेतूनच युरोपात नेलेल्या आणि १९६६ साली जन्मलेल्या लोबो नावाच्या पांढऱ्या कुत्र्यापासून स्वित्झर्लंडमध्ये नवा वंश वाढवण्यात आला. १९९१ मध्ये तेथे त्याची स्वतंत्र नोंद सुरू झाली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने 'पांढरा स्विस शेफर्ड' या नावाने त्याला तात्पुरती आणि २०११ मध्ये कायमची मान्यता दिली. एकाच रंगाचे तीन देशांत असे तीन वेगवेगळे निवाडे झाले. कुत्र्याच्या अंगी जे होते ते तिन्ही ठिकाणी सारखेच होते.

'डबल कोट' नावाची गंमत

आपल्या बाजारात पांढऱ्यापेक्षा लांब केसांच्या जर्मन शेफर्डचे कौतुक अधिक. सामान्य केसांच्या पिल्लाला 'सिंगल कोट' आणि लांब केसांच्या पिल्लाला 'डबल कोट' असे म्हणण्याची रीत पडली आहे व दुसऱ्याचा भाव पहिल्यापेक्षा चढा असतो. वस्तुस्थिती अशी की, सर्वसाधारण जर्मन शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतातच. वरचा राठ, पाणी झटकून टाकणारा आणि आतला दाट, मऊ लवेचा. लांब केसांच्या काही कुत्र्यांत हा आतला थर विरळ असतो किंवा नसतोच. म्हणजे ज्याला आपण 'एकेरी' म्हणून कमी पैसे देतो तो हमखास दुहेरी आणि ज्याला 'दुहेरी' म्हणून जादा पैसे मोजतो तो प्रसंगी एकेरी! एखाद्या किराणा दुकानदाराने असा व्यवहार केला असता, तर वजनमापे निरीक्षक त्याच्या दारात उभा राहिला असता.

लांब केसांची उत्पत्तीही काही गूढ नाही. केसांची वाढ कोठे थांबवायची याचा संकेत देणाऱ्या एका जनुकात बदल झाला की केस वाढत राहतात. हा बदल अप्रभावी आहे, म्हणजे आई व बाप दोघांकडूनही तो मिळाला तरच दिसून येतो. आखूड केसांच्या दोन कुत्र्यांमध्ये तो लपलेला असेल, तर त्यांच्या वेतात सरासरीने चारांतले एक पिल्लू लांब केसांचे निपजते. मेंडेलच्या वाटाण्यांचाच हा नियम आहे. याचा दुसरा अर्थ असा की, लांब केसांची नर-मादी एकत्र आणली तर सर्वच पिल्ले लांब केसांची होतात. तेव्हा ही 'दुर्मीळता' पैदासकाराच्या मनात आले तर दोन पिढ्यांत संपते. जी वस्तू मागणीप्रमाणे हवी तितकी तयार करता येते, तिला दुर्मीळ म्हणून विकणे म्हणजे ग्राहकाच्या अज्ञानावर कर बसवणे होय. शिवाय २०१० च्या अखेरीस सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात आतल्या लवेसह असणाऱ्या लांब केसांना आखूड केसांच्या बरोबरीचे स्थान मिळालेले आहे. ज्या जर्मनीत एके काळी हा दोष होता, तेथे तो आता एक सर्वमान्य प्रकार आहे. त्यापूर्वी तो दोष होता म्हणून पिल्लू टाकाऊ नव्हते आणि आता मान्यता आहे म्हणून ते अनमोलही झालेले नाही.

या बाबतीत आपल्या मातीतील शहाणपण अधिक सरळ वाटते. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात पिढ्यान् पिढ्या पाळल्या जाणाऱ्या शिकारी कुत्र्यांत गुळगुळीत अंगाचा तो कारवानी आणि कान, पाय व शेपटीवर रेशमी झालर असलेला तो पश्मी, अशी दोन नावे रूढ आहेत. 'पश्म' म्हणजे मऊ लोकर. पश्मिना शालीतला शब्द तोच. दोन दिसण्यांना दोन नावे दिली आणि विषय संपला. कुत्रा पळतो कसा, ससा धरतो का, एवढेच पाहिले गेले.

प्रस्तुत लेखकाच्या घरी गेली सात वर्षे असाच लांब केसांचा जर्मन शेफर्ड आहे. बदली होऊन परगावी गेलेल्या एका स्नेह्याने तो सोपवला, एवढाच त्याचा आमच्याकडे येण्याचा इतिहास. सकाळी त्याला फिरवताना अनोळखी माणसे थांबतात आणि पहिला प्रश्न विचारतात : "केवढ्याला पडला?" नाव दुसऱ्या प्रश्नात येते, वय तिसऱ्यात. त्याच्या आईबापांची प्रकृती कशी होती, हा प्रश्न या सात वर्षांत कोणीही विचारलेला नाही. फुकट मिळाला, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटतो. किमतीवाचून मूल्य असू शकते, ही कल्पनाच आपल्याला अवघड जाऊ लागली आहे.

भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च यांत फरक असतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. पिल्लाची किंमत हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो. लांब केस हा आवर्ती खर्च आणि तो रोज करावा लागतो. दररोज फणी फिरवली नाही तर कानांमागे व मांड्यांवर केसांच्या गाठी होतात आणि त्यांखालची कातडी चिघळते. पावसाळ्यात अंग आतून लवकर वाळत नाही. दमट हवेत खाज आणि बुरशी यांची पाळी येते. दाट केसांत गोचीड लपून राहतात आणि गोचिडांपासून होणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. चैत्र-वैशाखात सूर्य वर येण्याआधी फिरणे उरकावे लागते. केस मुळापासून भादरून टाकणे हा उपाय नव्हे, कारण उन्हापासून कातडीचे रक्षणही तेच करतात. ज्याला हे जमणार नाही त्याने लांब केसांचा कुत्रा घेऊ नये. हे सांगायला विक्रेत्याला दोन मिनिटे पुरतील. पण ते सांगण्यात त्याचा तोटा असतो.

पांढरा रंग एक, कारणे दोन

येथवरचा विचार वाचून, 'रंग-केस हा केवळ हौसेचा मामला. ज्याला परवडेल त्याने पैसे द्यावेत,' असे कोणी म्हणेल. प्रश्न तेवढाच असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. दुर्मीळ दिसण्याचे काही प्रकार निरुपद्रवी असतात, तर काहींची किंमत प्राण्याच्या शरीरातून वसूल होते. नुसत्या डोळ्यांनी हे दोन प्रकार ओळखता येत नाहीत.

पुन्हा पांढऱ्या रंगाकडेच पाहा. जर्मन शेफर्डमधील पांढरेपणा हा केसात गडद रंगद्रव्य उतरू न देणाऱ्या जनुकामुळे येतो. रंग तयार करणाऱ्या पेशी शरीरात असतात. नाक काळे असते, डोळे गडद असतात. या पांढरेपणाचा कानांशी संबंध नाही. याउलट डाल्मेशियन, पांढरा बॉक्सर यांसारख्या कुत्र्यांत रंगपेशीच अंगाच्या मोठ्या भागापर्यंत पोचत नाहीत. त्याच पेशी आतल्या कानातही लागतात आणि तेथे त्या नसल्या की श्रवणयंत्रणा जन्मानंतर काही आठवड्यांतच निकामी होते. म्हणून अशा कुत्र्यांत जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण लक्षणीय असते. तमिळनाडूच्या आपल्या राजपालयम कुत्र्याच्या शुभ्र रंगाचे आणि गुलाबी नाकाचे मोठे कौतुक झाले. टपाल खात्याने २००५ साली त्याच्यावर तिकीटही काढले. पण त्या जातीतही बहिरी पिल्ले निपजतात. पांढरा रंग एकच. एका ठिकाणी तो निर्दोष, दुसऱ्या ठिकाणी संकटाची खूण.

राखाडी पार्श्वभूमीवर गडद डाग असलेल्या 'मर्ल' रंगाची सध्या चलती आहे. ज्या जातींत तो मुळात नव्हता, त्यांतही आता तो दिसू लागला आहे. या जनुकाची एक प्रत असलेला कुत्रा आकर्षक दिसतो. पण दोन मर्ल कुत्र्यांच्या वेतात सरासरीने चारांतल्या एका पिल्लाला दोन प्रती मिळतात आणि त्यांपैकी अनेक पिल्ले बहिरी, आंधळी किंवा दोन्ही होतात. म्हणूनच ब्रिटनच्या केनेल क्लबने मर्ल मातापित्यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली आहे. 'सिल्व्हर' म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅब्रॅडॉरचा रंग हा मूळ चॉकलेटी रंग फिका करणाऱ्या जनुकाचा परिणाम असतो. तो असलेल्या काही कुत्र्यांचे केस पुढे गळतात आणि कातडी उघडी पडते. रुपेरी म्हणून घेतलेले पिल्लू तीन वर्षांत टक्कल पडलेले दिसू लागले, की त्याच्या मालकाचे प्रेम किती टिकेल हे सांगता येत नाही.

याहून बोलके उदाहरण चॉकलेटी लॅब्रॅडॉरचे आहे. हा रंग मानकात बसणारा, सर्वमान्य. लंडनचे रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि सिडनी विद्यापीठ यांच्या संशोधकांनी ब्रिटनमधील तेहतीस हजारांवर लॅब्रॅडॉरच्या दवाखान्यांतील नोंदींमधून नमुना निवडून केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. काळ्या व पिवळ्या लॅब्रॅडॉरचे मध्यम आयुर्मान १२.१ वर्षे, तर चॉकलेटी रंगाच्यांचे १०.७ वर्षे आढळले. कानाच्या दाहाचे प्रमाण काळ्यांत १२.८ टक्के, पिवळ्यांत १७ टक्के आणि चॉकलेटी कुत्र्यांत २३.४ टक्के होते. हा रंगच आयुष्य कमी करतो असे संशोधकांनी म्हटलेले नाही. हा रंग अप्रभावी असल्याने तो हमखास मिळावा म्हणून पैदासकार मोजक्याच कुत्र्यांमध्ये फिरत राहिले आणि त्या आकुंचित वंशात रोगांची बीजेही साचत गेली असावीत, असा त्यांचा तर्क आहे. अर्थात चॉकलेटी रंगाची मागणी करणाऱ्या कोणाच्याही मनात कुत्र्याचे आयुष्य कमी करण्याचा हेतू नव्हता. परंतु बाजारात हेतूंची बेरीज होत नाही, मागणीची होते.

नियमच जेव्हा आंधळा असतो

हे सारे लोभी विक्रेत्यांमुळे होते आणि मानके काटेकोर पाळली की प्रश्न मिटेल, असे मानणाराही एक पक्ष आहे. त्याने आफ्रिकेच्या ऱ्होडेशियन रिजबॅकचा इतिहास पाहावा. पाठीच्या कण्यावर उलट्या दिशेने वाढणाऱ्या केसांचा पट्टा हे या जातीचे मानचिन्ह. काही पिल्ले मात्र त्या पट्ट्यावाचून जन्मतात. वर्षानुवर्षे अशी निरोगी पिल्ले जातीच्या 'शुद्धते'साठी मारून टाकण्याची प्रथा होती आणि ती ब्रिटनमधील संबंधित क्लबच्या आचारसंहितेतही लिहिलेली होती. २००८ साली बीबीसीने एका माहितीपटात हे उघडकीस आणले, मोठा गहजब झाला आणि मग ती बदलली गेली. आता यातील विपर्यास पाहा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले होते की, ज्या जनुकीय बदलामुळे तो पट्टा उमटतो, त्याच बदलामुळे कण्याजवळच्या कातडीत नळीसारखा जन्मजात दोष होण्याचा धोका वाढतो. म्हणजे धोका होता पट्टेवाल्यांना आणि मृत्युदंड होता बिनपट्ट्याच्यांना! डाल्मेशियनमध्येही असेच आहे. जन्मतः अंगावर मोठा काळा डाग असलेले पिल्लू मानकानुसार प्रदर्शनातून बाद ठरते. परंतु बहिरेपणाचे प्रमाण अशा डागवाल्या पिल्लांत कमी असते.

तेव्हा 'दुर्मीळ म्हणून मौल्यवान' मानणारा बाजार आणि 'वेगळा म्हणून टाकाऊ' मानणारा नियम हे वरवर एकमेकांचे विरोधक दिसले, तरी एकाच चुकीची ती दोन रूपे आहेत. दोघेही केस पाहतात, कुत्रा पाहत नाहीत.

श्टेफानिट्झने आपली वही उघडली त्याच १८९९ साली, अटलांटिकच्या पलीकडे, थोर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाचा सुखवस्तू वर्गाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हौसेच्या कुत्र्यांचा विचार त्याने त्यात आवर्जून केला आहे. विचित्र दिसणाऱ्या कुत्र्यांचे मोल त्यांच्या सौंदर्यात नसून त्यांना निपजवायला लागणाऱ्या खर्चात आहे आणि त्या खर्चाचे प्रदर्शन हाच त्यांचा उपयोग, अशा आशयाचे विवेचन त्याने केले. त्याचा रोख अमेरिकेतील धनिकांवर होता. आज हप्त्यावर गाडी घेणारा आणि भविष्यनिर्वाह निधीतून घर बांधणारा वर्गही त्याच रांगेत उभा राहिला आहे. फरक इतकाच की, धनिकाला चूक परवडते. आपल्याला ती परवडत नाही आणि मग ती कुत्र्याच्या माथी मारली जाते.

दिसणारे आणि न दिसणारे

यावर उपाय काय? प्रथम रोगाचे नेमके निदान केले पाहिजे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तो मुख्यतः याच विचारासाठी. विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक असतात आणि ग्राहकाला नसतात, तेव्हा चांगल्या मालाला योग्य भाव मिळेनासा होतो. मग चांगला माल बाजारातून हळूहळू निघून जातो व वाईट माल उरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पिल्लांच्या बाजाराला ते तंतोतंत लागू पडते. जर्मन शेफर्डचे खरे दुखणे केसांत नसून खुब्यात आहे. खुब्याचा सांधा नीट न बसल्याने पुढे लंगडेपणा व वेदना येतात आणि हा दोष मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. तो कळतो क्ष-किरण तपासणीत. तिला खर्च येतो आणि तो खर्च केलेले पिल्लू न केलेल्यापेक्षा दिसायला तसूभरही वेगळे नसते. मग पैदासकाराने तो का करावा? लांब केस मात्र पिल्लाच्या कानांवर काही आठवड्यांतच दिसू लागतात. न दिसणाऱ्या गुणाला भाव नाही आणि दिसणाऱ्या वैचित्र्याला चढा भाव आहे. अशा बाजारात कोणत्या गोष्टीची पैदास होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

म्हणून उपाय हा की, न दिसणारे दिसू लागेल अशी व्यवस्था करायची. या कामी कायद्याचे साह्य आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली श्वान पैदास व विक्रीचे नियम केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता कामा नये. नियम चांगला आहे. परंतु नोंदणी क्रमांक विचारणारा ग्राहक नसेल, तर कोणताही निरीक्षक गल्लीबोळांतील प्रत्येक पिंजऱ्यापर्यंत पोचू शकणार नाही. वंशावळीची वही ठेवणाऱ्या संस्थांनीही आपले काम विस्तारले पाहिजे. आज त्यांच्या दाखल्यातून पिल्लाचे आजे-पणजे कळतात, त्यांची प्रकृती कळत नाही. मातापित्यांच्या खुब्याचा, डोळ्यांचा व कानांचा तपासणी अहवाल त्याच दाखल्यावर छापला जाऊ लागला, तर निरोगी वंश राखणाऱ्या प्रामाणिक पैदासकाराला त्याच्या कष्टांचा भाव मिळेल. असे पैदासकार आहेत आणि आजच्या बाजारात तेच तोट्यात आहेत.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. रस्त्यावर हजारो बेवारस कुत्री असताना जातिवंत कुत्र्यांच्या रंगाची चर्चा हीच मुळात चैन नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. ज्याला केवळ सोबत हवी आहे त्याला रस्त्यावरचे पिल्लू तितकीच सोबत देईल आणि आपल्या हवेत अधिक निरोगी राहील, यात शंका नाही. परंतु हे दोन प्रश्न एकमेकांपासून अलग नाहीत. हौसेने विकत घेतलेला आणि नंतर जड झालेला कुत्राही शेवटी रस्त्यावरच येतो. ज्या आयुष्याचा विचार दहा-बारा वर्षांचा करायला हवा होता तो रंग पाहून दहा मिनिटांत केला, की असे घडते. फॅशन ओसरते, केसांच्या गाठी होतात, औषधोपचाराचे बिल पिल्लाच्या किमतीच्या पुढे जाते आणि मग घरातल्या कोणाला तरी एकाएकी 'ॲलर्जी' होते.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. कारखान्याच्या धुराचा त्रास शेजाऱ्याला होतो. तो निदान तक्रार करू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. येथे विक्रेता पैसे मिळवतो, ग्राहक प्रतिष्ठा मिळवतो आणि बिल ज्याच्या नावे फाटते तो या व्यवहारात पक्षकारच नसतो.

त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम खरेदीदारालाच करावे लागेल. सुदैवाने ते अवघड नाही. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहू द्या. तिचे हे कितवे वेत? मातापित्यांच्या खुब्याची तपासणी झाली आहे का? पिल्लाला ऐकू येते का? तुमचा नोंदणी क्रमांक काय? हे पाच प्रश्न ज्याला आवडणार नाहीत, त्याच्या दारातून परत फिरावे, मग पिल्लाचा रंग चांदीचा असो की सोन्याचा. आणि या प्रश्नांची नीट उत्तरे देणाऱ्याकडे एखादे पिल्लू योगायोगाने लांब केसांचे किंवा पांढरे निघाले, तर ते आनंदाने घरी आणावे. वेगळे दिसणे हा त्याचा गुन्हा नाही. तसा तो गुणही नाही. त्याच्यासाठी जादा पैसे मोजायचे असतील तर ते रंगासाठी मोजू नयेत, त्याच्या आईच्या क्ष-किरण तपासणीसाठी मोजावेत. बाजार ग्राहकाने शिकवलेलाच धडा गिरवतो. आजवर आपण त्याला रंगाचा धडा दिला. आता प्रकृतीचा देऊन पाहायला हरकत नाही.